उतरवलेले टायर

माझ्या नवऱ्याचा त्याच्या बहिणीवर फार जीव. त्यात वाईट काय आहे, असं मी वीस वर्षं तोंडाने म्हणत आले आणि वीस वर्षं माझ्या पोटात दुखत आलं. आता पन्नाशी जवळ आली, लपवून काय करायचं? मी जळते. शाळेत मुलांना मराठी शिकवते म्हणून लिहिताना ‘मला’ लिहिते. डोकं फिरलं की ‘मले’ बाहेर येतं, तेवढं वाचणाऱ्याने चालवून घ्यावं.

ताई म्हणजे माझी नणंद. नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, बँकेत साहेब. तिच्या यजमानांची नोकरी दूर दक्षिणेत, ते वर्षातून दोनदा येतात. त्यामुळे तिच्या गॅसपासून गाडीपर्यंत सगळी काळजी तिचा भाऊ वाहतो. आधी ती यवतमाळातच होती, बँकेत स्कूटीने जायची आणि तिची गाडी शेडमध्ये उभी असायची. मागच्या वर्षी तिची बदली नागपूरला झाली. आता दर शनिवारी ती चौपदरी रस्त्याने गाडी चालवत येणार आणि सोमवारी सकाळी परत जाणार, असं ठरलं. झालं, तेव्हापासून नवऱ्याचा जीव टांगणीला लागला.

मीही गाडी चालवते, बरं का. यवतमाळ ते घाटंजी, शाळेचा प्रत्येक दिवस, जाणं आणि येणं. माझी गाडी लहान, वापरलेलीच घेतलेली. तिच्या टायरांवरची नक्षी पार गेली होती. शाळेतल्या शिपायाने एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाला, मॅडम, टायर गोटा झाले तुमचे. हे मी घरी दोनदा सांगितलं, एकदा जेवताना आणि एकदा चहाच्या वेळी. दोन्ही वेळेस ‘पाहू’ असं उत्तर मिळालं.

होळीच्या सुमाराला एका शनिवारी नवरा म्हणाला, ताईच्या गाडीचे टायर बदलून टाकू. ताई तिच्या घरी झोपली होती. मी म्हटलं, चांगले तर दिसतात तिचे. तर त्याने मला उभ्या उभ्या शाळा शिकवली. आपल्याकडे मे महिन्यात सिमेंटच्या रस्त्यावर उघडा पाय ठेवता येत नाही, त्याच रस्त्यावर शंभरच्या स्पीडने दोन तास पळालं की टायरच्या पोटात काय होत असेल, याचा तू विचार केला का? त्याच्या ऑफिसातल्या एकाचा टायर असाच भर उन्हात फुटला होता. तेव्हापासून तो रोज मोबाइलवर टायरचेच व्हिडिओ पाहत होता. मी ऐकून घेतलं. निघताना म्हणाला, तुझीही गाडी घे सोबत. मला वाटलं, चला, उशिरा का होईना आठवण झाली. मनातल्या मनात मी त्याला वीस वर्षांचं माफही करून टाकलं.

आम्ही चार दुकानं हिंडलो. पहिल्या दुकानात त्याने चष्मा चढवला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि टायरच्या कडेवर कोरलेले आकडे वाचायला लागला. टायर कधी बनला ते त्यात असतं म्हणे. तो माल दीड वर्षाचा निघाला, तर म्हणाला नको. दुसऱ्याने जुन्याच टायरवर नवं रबर चढवलेला रिमोल्ड दाखवला, त्याला तर याने लांबूनच हात जोडले. तिसऱ्या दुकानात सगळं जुळलं होतं, पण उष्णता किती सोसतो याचं कडेवर जे एक अक्षर असतं ते ‘बी’ होतं. याला ‘ए’ पाहिजे होतं. गाडीच्या दारावर किती वजनाला किती हवा लिहिलं आहे, त्याचा त्याने फोटो काढून आणला होता. दुकानदाराला तो विचारत होता, चार माणसं आणि मागे सामान असलं तर झेपेल ना? मी बाजूला उभी राहून पाहत होते. हाच माणूस नेरला माझ्या माहेरी मला पाहायला आला तेव्हा पोहे संपायच्या आत होकार देऊन मोकळा झाला होता.

चौथं दुकान आर्णी रोडवरच्या चाचांचं. पांढरी दाढी, हाताला कायमचा काळा रंग. टायरच्या धंद्यात त्यांचे सगळे केस गेले, असं ते स्वतःच सांगतात. त्यांच्याकडे नवा माल उन्हात मांडलेला नसतो, आत सावलीत ठेवलेला असतो. तिथे नवऱ्याला हवं ते सगळं मिळालं. दोन महिन्यांपूर्वी बनलेले, ‘ए’ अक्षराचे चार टायर. चाचांनी ताईच्या गाडीचे जुने टायर उतरवून भिंतीशी लावले. नवरा वाकला, त्या टायरांच्या न झिजलेल्या नक्षीवरून हात फिरवला आणि खूश होऊन म्हणाला, काटे पाहा चाचा, मोत्यासारखे. मग माझ्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाला, हे उतरवलेले तिच्या गाडीले चढवा, चाकाचा साइज सेमच हाये.

म्हणजे माझी गाडी सोबत घ्यायची ती यासाठी.

मी म्हटलं, मलेही नवेच घ्या ना. तेव्हा तो हसला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. तो म्हणाला, “तुले काय होते? तू त हळू चालवतं. घाटंजीलेच त जातं.”

आमच्याकडे लेकराला नजर लागली की लिंबू-मिरची त्याच्यावरून उतरवतात आणि ते चौकात नेऊन टाकतात. त्याला उतारा म्हणतात. त्यावर पाय पडू नये म्हणून माणसं वळसा घालून जातात, कारण एकाची पीडा दुसऱ्याच्या अंगाला लागते. ताईवरची पीडा उतरवली आणि माझ्या गाडीखाली आणून ठेवली, असं मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाटलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण चाचांसमोर तमाशा नको म्हणून गप्प बसले.

नवरा ताईची गाडी घेऊन चाकांचं अलाइनमेंट करायला पुढच्या गल्लीत गेला. चाचा माझ्या गाडीला टायर चढवता चढवता थांबले. त्यांनी एका टायरची कड फडक्याने पुसली आणि मला जवळ बोलावलं. म्हणाले, मॅडम, हे चार आकडे पाहा. पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन सालाचे. मागचे दोन आकडे होते सतरा. सतरा साली माझी पोरगी पाचवीत होती, आणि ती आता बारावीच्या परीक्षेला बसली होती. चाचांनी काट्यांच्या मधल्या खाचा बोटाने फाकवून दाखवल्या, आत केसासारख्या बारीक चिरा होत्या. शेडमध्ये उभं राहून टायर झिजत नाही पण म्हातारा होतो, ते म्हणाले, माणूस काय आणि रबर काय. चार-आठ दिवस गावात चालवा, घाटंजीला सकाळच्या थंड्या वेळी जा, पण उन्हात हायवेवर अजिबात नाही. आणि कधी फुटलाच तर ब्रेक मारायचा नाही, स्टेअरिंग घट्ट धरायचं, गाडी आपोआप हळू होऊ द्यायची.

मग ते म्हणाले, भाऊ आले की मी सांगतो त्यांना.

मी म्हटलं, नका सांगू, मी सांगते.

आणि मी सांगितलं नाही. हे लिहायला मला दोन वर्षं लागल्यासारखं वाटतं, पण गोष्ट याच उन्हाळ्याची आहे. मी ठरवलं, याने स्वतःहून विचारावं. नव्या टायरांचे आकडे चार दुकानांत टॉर्च लावून वाचणाऱ्याला बायकोच्या चाकावरचे चार आकडे वाचायला काय होतं? एकदा वाकून पाहील, त्याचा चेहरा उतरेल, मग मी म्हणेन, राहू द्या, मले काय होते, मी त हळू चालवतो. हे वाक्य मी स्वयंपाक करताना कितीदा तरी मनात घोळवलं. फार गोड लागायचं.

तो काही वाकला नाही. मी एकदा मुद्दाम विचारलं, माझे टायर कसे आहेत हो? म्हणाला, मस्त, मोत्यासारखे. दर सोमवारी सकाळी मात्र ताईला त्याचा फोन जायचा. ताई, हवा पाहिली का, सकाळी गाडी थंडी असतानाच पाहाय, स्टेपनीचीही पाहाय. आणि उन्हाळा आहे म्हणून हवा कमी करू नको. आपल्याकडे लोक दोन पॉइंट कमी करतात, उन्हाने हवा फुगते म्हणून, तो येडेपणा आहे. कमी हवेत टायर जास्त दबते, जास्त तापते आणि फुटते. हे सगळं मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. दोन दिवसांनी मी पंपावर गेले. तिथल्या हवा भरणाऱ्याने नेहमीप्रमाणे विचारलं, मॅडम, उन्हाळा आहे, दोन पॉइंट कमी करू? मी म्हटलं, कर. तो सल्ला ताईला दिलेला होता. उष्टा सल्ला मी कायले घेऊ?

शहाणी बाई असं करत नाही. पण जळणाऱ्या माणसाला शहाणपण सुचत असतं तर तो जळला कायले असता?

मे महिन्यात ताईच्या नागपूरच्या नव्या घराची वास्तुशांत होती. नवरा दोन दिवस आधी ताईच्याच गाडीतून गेला, मंडप आणि आचारी पाहायला. मी आणि पोरगी मागून येणार होतो. तो फोनवर म्हणाला होता की एसटीने या. मी म्हटलं, माझ्या गाडीने येते. नातेवाइकांसमोर एसटीतून घामाघूम उतरायचं आणि ताईने दारात पैठणी नेसून उभं राहायचं, हे मले नको होतं. तो म्हणाला, बरं, हळू ये.

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, पण पोरीच्या ड्रेसची इस्त्री, माझी पूजेची भांडी, असं करता करता साडेनऊ वाजले. पोरगी माझ्या बाजूला बसली. तिने पट्टा लावला आहे, हे मी पाहिलं. एवढं पाहिलं, आणि चाचांनी सांगितलेलं आठवत असूनही गाडी चालू केली. यवतमाळ सुटलं, चौपदरी लागला. पोरगी म्हणाली, आत्याबाई तर इथून शंभरने जाते, आई तू किती हळू चालवते. बस. माझा पाय खाली गेला. सत्तर, ऐंशी, नव्वद. गाडी रस्त्यावर धावत होती आणि मी मनात कोणाला तरी दाखवत होते की मलेही येते.

कळंब मागे पडलं आणि मागून धाडकन आवाज आला. गाडीचा मागचा भाग डावीकडे ओढला गेला. माझा पाय ब्रेककडे गेला आणि तिथेच थांबला, कारण चाचा आठवले. मी स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं. गाडी रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावरून खाली उतरली, खडीवर घसरली, एका दगडाला आदळली आणि उभी राहिली. पोरीचा ओठ पाण्याच्या बाटलीवर आपटला होता. आवाज झाला तेव्हा ती पाणी पीत होती. रक्त हनुवटीवरून नव्या ड्रेसवर गळत होतं, पण ती रडत नव्हती.

आता जे सांगते ते आजवर कोणाला सांगितलं नाही. गाडी थांबली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पोरगी आली नाही. पहिल्यांदा आलं, आता पाहा म्हणावं त्याला. मला आनंद झाला होता. अर्धा क्षण असेल, पण झाला. मग मी पोरीकडे पाहिलं आणि तिचा पट्टा सोडवला.

आम्ही रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसलो. मी नवऱ्याला फोन केला. पोरीच्या ओठाला ओली ओढणी लावून धरली. ऊन इतकं होतं की गाडीच्या पत्र्याला हात लागत नव्हता. दीड तासाने ताईची गाडी आली. ताई चालवत होती, पूजेच्या शालूत, कपाळावरचं हळदीकुंकू तसंच. गुरुजींना थांबवून ती पाटावरून उठून आली होती, हे मला नंतर कळलं. ती धावत पोरीकडे गेली, तिचा ओठ पाहिला, तिला छातीशी धरलं. नवऱ्यानेही आधी पोरीलाच पाहिलं, मग मला विचारलं, लागलं का तुले? मी नाही म्हणून मान हलवली. मग तो गाडीच्या मागे गेला. टायरची एक बाजू पार फाटून चिंध्या झाली होती. त्याने एक चिंधी हातात धरून पाहिली आणि म्हणाला, “बरं झालं, ताईच्या गाडीचे उतरवले. तिच्या स्पीडले फुटला असता त काय झालं असतं.”

बाभळीखाली आम्ही तिघी होतो आणि तिघींनी ऐकलं. ताईची मान खाली गेली. ती म्हणाली, “चूप राय तू.” त्याला कळलं आपण काय बोललो ते, पण बोललेलं परत गिळता येत नाही. मला बोलायची गरजच नव्हती. वीस वर्षं मी ज्या गोष्टीचा पुरावा शोधत होते, तो त्याने आपल्या तोंडाने, तिच्यासमोर, पोरीसमोर माझ्या हातात दिला होता. वास्तुशांत झाली, जेवणं झाली, पोरीच्या ओठाला दोन टाके पडले. मी कोणाशी नीट बोलले नाही. नवरा माझ्याभोवती पाण्याचा ग्लास घेऊन फिरत होता आणि मी तो घेत नव्हते. मला फार बरं वाटत होतं.

यवतमाळला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी तो फाटलेला टायर घेऊन चाचांकडे गेला. जाताना रागात होता, असले टायर चढवलेच कसे म्हणून. मी गच्चीवर कुरड्या वाळत घालत होते, पोरगी मला सोऱ्यात चीक भरून देत होती. तो परत आला तो गच्चीच्या दारातच उभा राहिला. राग कुठे दिसत नव्हता. म्हणाला, “चाचा म्हनते, तुले माहीत होतं. त्यायनं तुले आकडे वाचून दाखवले.”

मी म्हटलं, होतं माहीत.

“मंग सांगितलं काहून नाही?”

याचं उत्तर माझ्याकडे दोन महिन्यांपासून तयार होतं. मी उठले, हाताला चीक लागलेला तसाच, आणि सगळं बाहेर काढलं. चार दुकानं, टॉर्च, चष्मा, ‘ए’ अक्षर, दर सोमवारचा फोन, आणि मले म्हनते तुले काय होते. तुम्ही एकदा तरी वाकून पाहिलं का माझ्या चाकाकडे? मी वाट पाहून राह्यलती तुम्ही कधी विचारता त्याची. मी ओरडत होते. शेजारच्या गच्चीवरची बाई आत निघून गेली.

त्याने सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाला, “खरं हाये तुवं. माझंच चुकलं. मले पाहाले पाहिजे होतं. पन मले माहीत नव्हतं, आन तुले माहीत होतं. तरी तू पोरीले बसवलं त्या गाडीत?”

दोन महिन्यांत मी हजार वाक्यं तयार केली होती, त्यात याचं एकही नव्हतं. पोरीच्या हातात चिकाचं पातेलं होतं. तिने ते खाली ठेवलं, ओठावरच्या टाक्यांना बोट लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग ती बापाच्या शेजारून दारातून खाली गेली.

त्यानंतर नवऱ्याने माझ्या गाडीला चार नवे टायर बसवले. चार दुकानं हिंडला, आकडे वाचले, सकाळी उठून स्वतः हवा पाहतो. मला हवं होतं ते सगळं मिळालं. ताईला जातो तसा नवऱ्याचा फोन आता मलाही येतो, निघाली का, पोचली का. तीही चांगली बाई आहे, हे आता म्हणायला माझं काही जात नाही. पोरगी कॉलेजला लागली. तिला बसस्टँडवर सोडायचं असलं की मी गाडी काढते, दार उघडून देते. ती गाडीजवळ येते, थांबते आणि घराकडे वळून बापाला आवाज देते, “बाबा, टायर पाहिले का?” तो हो म्हणाला की मगच बसते. मला विचारत नाही.